हॉस्पिटलमधली मूक धमाल: पडायचं कोणी आणि कसं

कळव्याच्या एका कॉलेज ग्रुपचा प्रश्न थोडक्यात असा: दहा मिनिटांची, एकही संवाद नसलेली विनोदी शॉर्टफिल्म करायची आहे. गोष्ट हॉस्पिटलमधली. एक वेंधळा वॉर्डबॉय, एक पाय मोडलेला पेशंट. स्ट्रेचर हातातून सुटतं, उतारावरून धावत जातं, पेशंट पडतो, त्याला उचलतात, तो पुन्हा पडतो, शेवटी ऑपरेशन थिएटरात सगळा गोंधळ. स्क्रिप्ट वाचताना सगळे खो खो हसतात, पण तालमीत उभं करून बघितलं की कोणी हसत नाही. बिघडतंय कुठे? ठाण्यात हे शूट कुठे करता येईल? आणि पडण्या-आपटण्याचे शॉट कोणाचं हाड न मोडता कसे घ्यायचे?

मी एकांकिकांच्या तालमींत मुलांना पडायला, धडपडायला आणि खोटा मार खायला शिकवतो. मालिकांच्या सेटवरही तेच काम करतो. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर माझ्याकडे सर्वांत जास्त बोलण्यासारखं आहे. पण पहिला प्रश्न सुटल्याशिवाय तिसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही.

तुमचा पेशंट खरंच आजारी आहे, अडचण ती आहे. कागदावर ‘पेशंट पडतो’ हे दोन शब्द असतात. समोर उभं केलं की तिथे प्लास्टरमधला पाय दिसतो, स्ट्रेचरची लोखंडी कड दिसते, खालची फरशी दिसते, आणि बघणाऱ्याचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्याकडे जातो. कोणी पडल्यावर आपण हसतो ते त्याला फारसं लागलं नसणार या खात्रीवर. रस्त्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात ही खात्री आयती मिळते. हॉस्पिटलमध्ये ती मिळत नाही, कारण तिथे प्रत्येकाचा कोणी ना कोणी कधीतरी खरंच झोपलेला असतो. तेव्हा माझा साधा हिशेब असा आहे: हॉस्पिटलच्या विनोदात पडायचं ते निरोगी माणसानं. जो धडधाकट आहे, ज्याचं तिथे खरं तर काही काम नाही आणि ज्याला स्वतःबद्दल थोडा जास्तच विश्वास आहे, त्यानं.

मूकपटाच्या काळातल्या जुन्या विनोदी नटांच्या कामात हे उघड दिसतं. रॉस्को आर्बकलची १९१८ची ‘गुड नाइट, नर्स!’ घ्या. त्यात आर्बकल आजारी नाही, पिऊन टाइट आहे. दारू सुटावी म्हणून बायको त्याला सॅनिटोरियममध्ये नेऊन टाकते. तिथला डॉक्टर म्हणजे बस्टर कीटन, आणि तो समोर येतो तो रक्तानं माखलेल्या एप्रनमध्ये. कोणी पडलेलं नाही, कोणी कोणाला ढकललेलं नाही. एक एप्रन आणि एका धडधाकट माणसाचा उतरलेला चेहरा, एवढ्यावर हशा येतो. आता तोच एप्रन खऱ्या आजारी माणसासमोर आणून बघा. तो भयपट होईल.

चॅप्लिनच्या १९१७च्या ‘द क्युअर’मध्येही नायक दारुडाच आहे. औषधी पाण्याच्या ठिकाणी प्रकृती सुधारायला आलेला, आणि सोबत बाटल्यांनी भरलेली ट्रंक. पुढे ती दारू त्याच औषधी पाण्यात जाते आणि सगळे पाहुणे झिंगतात. या फिल्मचे टाकून दिलेले शॉट ‘अननोन चॅप्लिन’ या १९८३च्या माहितीपटात बघायला मिळतात. त्यांत सुरुवातीला चॅप्लिन पाहुणा नाही. तो तिथला नोकर आहे आणि चाकाच्या खुर्च्यांच्या गर्दीत त्याची गंमत चालली आहे. म्हणजे जवळजवळ तुमचा वॉर्डबॉयच. ते सगळं चित्रित करून झालेलं असताना त्यानं बाजूला ठेवलं आणि स्वतः दारुडा पाहुणा होऊन नव्यानं सुरुवात केली. तुमच्या स्क्रिप्टचा तिसरा-चौथा खर्डा लिहिताना हे लक्षात असू द्या.

लॉरेल-हार्डीची ‘काउंटी हॉस्पिटल’ (१९३२) बोलपट आहे, पण आवाज बंद करून बघा, कामाची आहे. हार्डीचा पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला. तुम्ही म्हणाल, इथे तर पेशंट खरा आहे. आहे, पण तो मजेत आहे! पडून राहायला मिळालंय, पुस्तक हातात आहे, दुखण्याचा मागमूस नाही. भेटायला आलेला लॉरेल उकडलेली अंडी आणि अक्रोड घेऊन येतो आणि स्वतःच खात बसतो. मग पाय टांगायच्या वजनाशी खेळ होतो आणि खिडकीबाहेर लोंबकळतो तो डॉक्टर. फिल्मचा शेवट मात्र हॉस्पिटल सोडून मोटारीत जातो, मागे पडद्यावर रस्ता पळवून, आणि तिथे तिची हवा निघते. तुम्ही इमारतीच्या बाहेर पडू नका.

अपवाद एकच, दांडगटाचा. ‘द क्युअर’मध्ये एरिक कॅम्पबेल या धिप्पाड माणसाचा गाउट या सांधेदुखीनं सुजलेला, बँडेज गुंडाळलेला पाय फिरत्या दारात अडकतो आणि आपण हसतो, कारण तो सगळ्यांवर गुरगुरणारा आहे. तुमच्या पेशंटला पाडायचंच असेल तर आधी त्याला तसा माजोरडा करावा लागेल. दहा मिनिटांत त्याला जागा नाही.

तर मग पडणारा निरोगी माणूस कुठून आणायचा? आपल्याकडे तो शोधावा लागत नाही, तो भेटायला येतो. प्रत्येक घरात एक काका असतात ज्यांची सगळीकडे ‘ओळख’ असते. कडक इस्त्रीचा सफारी, खिशाला पेन, हातात शहाळं. मामींचं गॉलब्लॅडरचं ऑपरेशन झालंय, त्या दुसऱ्या मजल्यावर, आणि काका पोचलेत सहा वाजून पाच मिनिटांनी. पाटी सांगते, भेटण्याची वेळ ४ ते ६. दारावर वॉचमन. काकांना एवढंच हवंय: शहाळं दुसऱ्या मजल्यावर पोचवायचं. हॉस्पिटलला एवढंच हवंय: नियम पाळला जावा. फिल्म झाली. तुमचं सुटलेलं स्ट्रेचर, ऑपरेशन थिएटरातला गोंधळ, वॉर्डबॉय, सगळं यात बसतं. फक्त स्ट्रेचरवर झोपायचं काकांनी, तेही आपणहून, वॉचमनला चुकवून आत जाण्यासाठी. एकदा ते आडवे झाले की यंत्रणा त्यांना पेशंट समजूनच वागवणार. हातात सुई, पायाला पट्टी, अंगात तो मागून उघडा हिरवा गाऊन. त्या गाऊनची मागची बाजू सावरत चालणारा, अंगावर अजून सफारीचा माज असलेला माणूस हा माझ्या मते अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात मोठा हशा आहे आणि त्याला एक पैचं नेपथ्य लागत नाही.

शहाळं ही प्रॉपर्टीही, म्हणजे नटाच्या हातातली वस्तू, मी मुद्दाम सुचवतोय. ते गोल आहे, घरंगळतं. जड आहे, म्हणजे पायावर पडू शकतं. त्यात पाणी आहे आणि स्ट्रॉ आहे. थोड्या वेळानं ते सलाईनच्या स्टँडला लटकलेलं दिसेल, स्ट्रॉच्या जागी नळी, आणि राउंडवर आलेले डॉक्टर थेंबांचा वेग बघून मान डोलावून पुढे जातील. एक्स-रेवाला त्याचा एक्स-रे काढेल. आणि सिस्टर ते फेकायला जाईल तेव्हा तिच्यासमोर चार रंगांचे डबे असतील. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे पिवळ्यात रक्तानं भिजलेला कापूस-बोळे, लालमध्ये नळ्या-हातमोज्यांसारखं प्लास्टिक, पांढऱ्यात सुया, निळ्यात काच. शहाळं कशात? ती एकेका डब्यापाशी थांबते, झाकण उघडते, विचार करते, बंद करते. हॉस्पिटलात काम केलेला कोणीही इथे खुर्चीतून पडेल, आणि ज्यानं केलेलं नाही त्यालाही सिस्टरच्या चेहऱ्यावरून सगळं कळेल.

पाट्यांबद्दल दोन शब्द, कारण मूक फिल्म करणाऱ्याला हॉस्पिटलसारखी जागा मिळणं म्हणजे लॉटरी आहे. मूकपटाच्या काळात मध्ये मध्ये अक्षरांच्या पाट्या घालाव्या लागत. तुमच्याकडे त्या भिंतीवरच आहेत. ‘शांतता राखा’, ‘चपला बाहेर काढाव्यात’, ‘एका रुग्णासोबत एकच नातेवाईक’, ‘लिफ्ट फक्त रुग्णांसाठी’, आणि ओठांवर बोट ठेवलेल्या नर्सचं ते चित्र. प्रत्येक पाटी हा एक नियम आहे आणि प्रत्येक नियमातून एक गॅग, म्हणजे हशाचा छोटा प्रसंग, निघतो. स्वतंत्र मजकुराची एकही स्लाइड घालू नका. पाटी दिसू दे, मग काका दिसू देत, पुढचं प्रेक्षक स्वतः जोडतो. आणि माणसं बोलत का नाहीत, हा प्रश्नही इथे पडत नाही: मास्क आहेत, काचेचं काउंटर आहे, भिंतीवरची नर्स आहे. फक्त काकांना मास्क लावू नका. त्यांचा चेहरा झाकलात की दुकान बंद.

आता गॅग बांधण्याबद्दल. तालमीत हसू न येण्याचं दुसरं कारण, जे मला तुमच्या लिहिण्याच्या पद्धतीतून दिसतं, ते म्हणजे सगळंच अचानक होतं. स्ट्रेचर अचानक सुटतं, दार अचानक उघडतं. अचानक झालं की माणूस दचकतो. हसण्यासाठी त्याला आधी कळायला हवं. वॉर्डबॉयनं स्ट्रेचरचा ब्रेक लावायला पाय पुढे केला, तेवढ्यात बिलिंगवाल्यानं हाक मारली, पाय तसाच मागे गेला. हे प्रेक्षकानं पाहिलं, काकांनी नाही. आता स्ट्रेचर जागच्या जागी आहे, काका आरामात पडलेत, घड्याळ बघतायत, आणि अख्खं थिएटर त्या चाकाकडे बघतंय. इथे घाई करू नका. जेवढा वेळ थांबाल तेवढं पिकेल; मात्र काकांनी त्या वेळात काहीतरी करत राहायला हवं, उशी नीट करणं, चष्मा पुसणं. नुसतं थांबलं की बेअरिंग, म्हणजे भूमिकेवरची पकड, सुटतं.

कुठलीही गोष्ट दोनदा सारखी घडली की तिसऱ्यांदा वेगळी घडायला हवी, हे तुम्हाला एकांकिकेतून माहीत असेलच. त्यावर एक जादा: तिसऱ्याचा हशा ओसरायच्या आत त्याच वस्तूचा चौथा, छोटा झटका. लिफ्टचं दार दोनदा काकांच्या तोंडावर बंद होतं. तिसऱ्यांदा ते हुशारीनं शहाळं मध्ये अडवतात, दार थांबतं, काका विजयी मुद्रेनं आत शिरतात. आत लिफ्टमन त्यांच्याकडे बघतो आणि पाटीकडे बोट दाखवतो. काका बाहेर. शहाळं लिफ्टसोबत वर.

तालीम आकड्यांवर बसवा. प्रत्येक हालचालीला मोजणी, चार-चारची किंवा सहा-सहाची, आणि जमलं तर ढोलकीवाला समोर बसवा. सोंगाड्याच्या पडण्या-उठण्याला ढोलकीची थाप लागते ती उगाच नाही. ती नटाला वेळ सांगते आणि प्रेक्षकाला कुठे हसायचं ते. शूटिंगलाही ती थाप चालू ठेवा. तुम्ही मूक फिल्म करताय, सेटवर कितीही आवाज करा. मूकपटाचे दिग्दर्शक टेक चालू असताना मोठ्यानं सूचना देत, सेटवर वाद्यं वाजत. ‘आता मान वळव, थांब, थांब, आता बघ!’ असं ओरडता येणं ही चैन आहे, सोडू नका.

पडणं. इथे माझं ऐकाच.

घसरण्याच्या शॉटला फरशी कोरडी ठेवा आणि बुटाला रबरी तळवा हवा. साबण, तेल, पाणी काही टाकायचं नाही. घसरतो तो पाय नव्हे, नट स्वतः पाय घसरवतो: पुढचा पाय झाडून वर फेकतो आणि त्याच वेळी मागचा गुडघा वाकवून बूड जमिनीच्या जवळ नेतो. पडायची उंची अर्धी झालेली असते, बघणाऱ्याला मात्र वर गेलेला पायच दिसतो. फरशी खरंच निसरडी असेल तर त्या मागच्या पायाचा ताबा जातो आणि मग तुम्ही खऱ्या हॉस्पिटलमध्ये असता. फरशी ओली दिसायला हवी असेल तर शेजारी बादली आणि पोछा ठेवा, पुरतं.

हात मागे टेकायचा नाही. नवीन मुलं शंभरातली शंभर हेच करतात आणि मनगट दुखावून घेतात. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. श्वास सोडत पडायचं, रोखून नाही. टेकायचं ते नितंबाच्या एका बाजूच्या मांसल भागावर, मग मांडी, मग पाठीची ती बाजू. माकडहाडावर कधीच नाही. शेवटी पसरलेल्या हाताचा सपाट तळवा आणि बाहू जमिनीवर आपटायचा. धक्का विभागला जातो. सफारीच्या आत गुडघ्याला आणि कमरेच्या बाजूला पॅड बांधायचे, म्हणून सफारी एक साइज मोठा शिवून घ्या किंवा नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून तसा निवडा. आधी गादीवर, मग पातळ मॅटवर, मग फरशीवर, आणि फरशीवरचे टेक मोजकेच. मी एका पडण्याचे तीनच्या वर टेक घेऊ देत नाही. चौथ्याला नट दमलेला असतो आणि हनुवटी सुटते.

बस्टर कीटन लहानपणापासून आईवडिलांच्या स्टेजवरच्या खेळात फेकला जाण्यात तरबेज झालेला माणूस. त्याची मान १९२४च्या ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये पाण्याच्या टाकीच्या धारेखाली रुळावर आपटून मोडली, आणि त्याला ते कळलं बऱ्याच वर्षांनी, एक्स-रेत. जगातल्या सर्वांत चांगल्या पडणाऱ्याची ही गोष्ट आहे. तुमच्या ग्रुपमधला कोणी ‘सर, मला जमतं’ म्हणाला की हीच गोष्ट त्याला सांगा.

अर्थात बरंचसं पडणं पडावंच लागत नाही. हॉस्पिटलात खाटा आहेत, टेबलं आहेत, पडदे आहेत. काका खाटेपलीकडे पडतात. पलीकडे जाड गाद्या रचलेल्या. कॅमेऱ्याला फक्त दिसेनासे झालेले काका आणि एका ठोक्यानंतर वर आलेले दोन पाय दिसतात. शॉट तोडावा लागत नाही, ही यातली खरी कमाई. कारण जिथे तुम्ही मध्येच कट करता तिथे प्रेक्षकाला वाटतं, इथे काहीतरी लपवलं.

स्ट्रेचर-ट्रॉली उतारावर खरोखर कधीच सोडायची नाही. तिची चारही चाकं कुठेही वळणारी असतात, एकदा वेग घेतला की तिला दिशा नसते, आणि वर माणूस असला की ती उलटूही शकते. दोन युक्त्या सांगतो. पहिली: सपाट कॉरिडॉर घ्या आणि कॅमेरा तिरका करा, नटांनी उलट बाजूला थोडं झुकून चालायचं. उतार तयार. पण फ्रेममधून लटकणारी प्रत्येक गोष्ट काढा: पडदे, सलाईनची बाटली, गळ्यातलं आयकार्ड. त्या सरळ खाली लोंबतात आणि चोरी पकडून देतात. दुसरी: ट्रॉली भिंतीपासून, म्हातारीपासून, कॅमेऱ्यापासून एका बोटावर येऊन थांबायला हवी असेल तर ती तिथेच उभी करून सुरुवात करा आणि मागे ओढत न्या, नटांनी हालचाली उलट्या करायच्या, एडिटमध्ये शॉट उलटा फिरवा. पार्श्वभूमीला चालणारी इतर माणसं, पडणारं पाणी, उडणारा कपडा फ्रेममध्ये असता कामा नये. ट्रॉलीला मागून दोरी बांधलेली आणि दोरीवर दोन माणसं, हे दोन्ही वेळेस.

वेग. जुन्या फिल्म हातानं फिरवलेल्या कॅमेऱ्यावर सेकंदाला साधारण सोळा ते वीस फ्रेमनी घेत आणि अनेकदा त्याहून वेगानं दाखवत, म्हणून ती लगबग दिसते. बोलपटानं २४चा दंडक घातला. तुमच्या फोनमध्ये मॅन्युअल ॲप असेल तर २० फ्रेमवर घ्या आणि २५वर चालवा. सव्वापट वेग मिळतो. नसेल तर नेहमीच्या २५वर घेऊन एडिटमध्ये ११५ ते १२५ टक्के. त्याच्या वर गेलात की माणसं माणसं वाटत नाहीत. आणि सगळी फिल्म पळवू नका: सिस्टर डब्यांपुढे विचार करते तो शॉट नेहमीच्याच वेगात. शटर, म्हणजे एकेका फ्रेमला उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. १/४० किंवा १/६० ठेवलंत की भिंतीवर पट्टे फिरायला लागतात. स्वस्त एलईडीचा भरवसा नाही, आधी चाचणी घ्या.

फ्रेममध्ये डोक्यापासून बुटापर्यंत माणूस दिसायला हवा. फोनची नेहमीची लेन्स पुरते. अल्ट्रावाइडनं कडेचे हातपाय ताणले जातात. कॅमेरा छातीच्या उंचीवर, स्थिर, आणि चौकट ४:३ ठेवलीत तर अरुंद कॉरिडॉरमध्ये माणूस छान बसतो. क्लोजअप वाचवून ठेवा. दहा मिनिटांत पाच पुष्कळ झाले, त्यातला एक चाकाच्या ब्रेकचा.

जागा. चालू हॉस्पिटलमध्ये शूटिंगचा विचार डोक्यातून काढा. परवानगी मिळणं राहू द्या, खऱ्या पेशंटच्या शेजारच्या खोलीत तुम्हाला हसूच सुचणार नाही, आणि कोणाचा चेहरा नकळत फ्रेममध्ये आला तर ते फार वाईट. नौपाडा-पाचपाखाडी भागात जुन्या इमारतींच्या पहिल्या मजल्यावर छोटी नर्सिंग होम आहेत. त्यातली काही इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे किंवा डॉक्टर घोडबंदर रोडकडे गेल्यामुळे रिकामी होतात. पाडकाम सुरू व्हायच्या आधीचा काळ तुमचा. मालकाचं आणि सोसायटीचं लेखी पत्र घ्या, वीज चालू आहे का बघा. तिथले कॉरिडॉर इतके अरुंद असतात की ट्रॉली वळत नाही, आणि लिफ्टमध्ये तर ती मावतच नाही. हे दोन्ही गॅग तुम्हाला फुकट मिळतात. ते न जमल्यास शाळा. सुट्टीच्या दिवशी रॅम्प असलेल्या शाळेचा एक मजला, खाटा आणि हिरवे पडदे आले की वॉर्ड तयार. वाशी-नेरुळकडच्या शाळा-कॉलेजांचे कॉरिडॉर रुंद असतात, ट्रॉलीच्या शर्यतीला ते बरे. रस्त्यावर किंवा सरकारी आवारात एक जरी शॉट घ्यायचा असेल तर महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तिथे रीतसर अर्ज करा. ॲम्ब्युलन्स आणि सायरन रस्त्यावर अजिबात नको.

प्रॉपर्टी भाड्यानं घ्या: हॉस्पिटलचं सामान घरच्या पेशंटसाठी भाड्यानं देणारी दुकानं स्टेशनच्या आसपास सापडतात, तिथे खाट, व्हीलचेअर, सलाईन स्टँड, कमोड खुर्ची सगळं मिळतं. हॉस्पिटलातली वापरलेली नळी-सिरिंज ‘खरी दिसते’ म्हणून आणू नका, तो संसर्गजन्य कचरा आहे. ऑक्सिजनचं नळकांडं भरलेलं नको. सुई टोचताना कधीच दाखवू नका. मोठी सिरिंज वर धरलेली आणि काकांचे डोळे, एवढंच. प्लास्टर खरं घालू नका, ते काही मिनिटांत आवळतं, गरम होतं आणि काढायला कटर लागतो. फोमच्या नळकांड्यावर बँडेज गुंडाळा, चेन लावा, टेकच्या मध्ये नट पाय मोकळा करेल. साखरेची काच आपल्याकडच्या दमट हवेत चिकट होते, काच फुटण्याचा गॅगच नको.

आवाजाबद्दल एकच निर्णय घ्या आणि त्याला चिकटा. एक तर जुन्या मूकपटासारखं नुसतं संगीत. नाहीतर १९८७च्या ‘पुष्पक’सारखं: जगाचे सगळे आवाज आहेत, फक्त कोणी बोलत नाही. हॉस्पिटलला मी दुसरं निवडेन. चाकांची करकर, लिफ्टची घंटी, मॉनिटरचं टिकटिक, शहाळ्याचं घरंगळणं, हे आवाज नंतर घरी बसून करता येतात, आणि हशा कुठे पिकवायचा ते तुमच्या हातात राहतं. त्यावर ढोलकी आणि पेटी. सिनेमातली गाणी उचलू नका, हक्काच्या भानगडीत पडाल.

शेवट तुमच्यावर सोडतो, पण काकांना खाटेवर पोचवा, मामींच्या शेजारच्या. मामींनी शहाळं घ्यावं, स्ट्रॉ लावावी आणि काकांकडे न बघता पिऊन टाकावं.

एक काम मात्र तालमी सुरू व्हायच्या आधी करा. कोणाची तरी बहीण, मावशी, शेजारीण कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलात सिस्टर असतेच. तिला दोन तालमींना बसवा. सलाईनच्या नळीतला बुडबुडा काढायला ती बोटानं कशी टिचकी मारते, चादरीची घडी कोपऱ्यात कशी दुमडते, केस पेपर कसा उलटते, हे तुमच्या नटीनं तिच्याकडून उचलायचं. सिस्टरचं काम जितकं अचूक, तितका तिच्या हाती सापडलेला काका हास्यास्पद. आणि तिची नाइट असेल तर तालीम सातच्या आत संपवा.